मिस्त्रीच्या काचा

काच फुटली की आमच्या गावात म्हणतात, बला टळली. मी शिकलेला माणूस, सरकारी ओव्हरसियर. असल्या बोलण्यावर हसायचो. आता हसत नाही. काच फुटून बला टळत नाही. ती कुठं दबा धरून बसली आहे ते कळतं, एवढंच. आणि तेही फुटलेली काच जागेवर राहिली तर.

आधी बशीर मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. या माणसापायी मी चार वर्षांचे रविवार घातले, आणि आजही त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पुण्या-मुंबईकडं जन्मला असता तर आर्किटेक्ट म्हणवला असता, एखाद्या चौकात त्याच्या नावाची पाटी लागली असती. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात जन्मला म्हणून मिस्त्री. मलकापूरपर्यंत रूळ आले तेव्हा हा पंचविशीतला पोरगा पुलाचे दगड घडवत होता. साहेब लोक नकाशे काढायचे ते खांद्यावरून बघायचा आणि मुक्कामावर येऊन तेच नकाशे झोपडीच्या जमिनीवर कोळशानं काढायचा. त्याची बायको रोज सकाळी सारवण करून ते पुसायची. पुढं तीस वर्षांत त्यानं सतरा इमारती उभ्या केल्या. धर्मशाळा, बारवा, एका देवळाचा सभामंडप, एक मशीद, कापसाची कोठारं. सतराच्या सतरा मी टेप लावून मोजल्या आहेत. त्याचं पुस्तक लिहायचं माझ्या मनात होतं.

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि वर बांधलेल्या भिंतीला उचलून बघते. मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खणायचा. मालक कावायचे, हा खणतच राहायचा. एकदाच त्यानं मालकाचं ऐकलं. वडनेर भोलजीजवळ एका व्यापाऱ्याचं कोठार होतं आणि त्याला घाई होती. भिंतीला तडा गेला. व्यापाऱ्यानं दिवाळीच्या तोंडावर तो गिलावा करून बुजवला, पाहुण्यांना दिसायला नको म्हणून. तडा कुणालाच दिसेना झाला. पंधरा दिवसांनी ती भिंत कोसळली, तेव्हा आत मिस्त्रीचा धाकटा भाऊ खुर्शीद होता.

त्यानंतर मिस्त्रीनं काचेशिवाय इमारत बांधली नाही. जिथं शंका, तिथं दोन चिऱ्यांच्या सांध्यावर आडवी, बोटभर रुंद आणि वीतभर लांब काचेची पट्टी चुन्यात बसवायची. दगड वाकत नाही, बोलत नाही. काच मात्र भिंत केसभर सरकली तरी तडकते. काच तडकली की मिस्त्री यायचा, पाया उकरायचा, भिंत दुरुस्त करायचा आणि मग नवी काच बसवायचा. त्याच्या वहीत मोडीत एक ओळ आहे. माझे वडील पटवारी असल्यामुळं मला मोडी येते. "काच शाबूत तवर भिंत जागची. काच फुटकी दिसली नाही पाहिजे." ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. केवढा मोठा माणूस, असं वाटलं होतं. त्या ओळीत काय राहून गेलं आहे, ते मला दिसलं नाही.

आमचं गाव धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवर. तिथं मिस्त्रीची एक सराई आहे, म्हणजे होती. कापसाच्या गाड्या मलकापूर स्टेशनाकडं जायच्या, त्या गाडीवानांच्या मुक्कामासाठी तेव्हाच्या उकंडराव देशमुखांनी ती बांधून घेतली. लांबलचक दगडी दालन, वर कौलं. वहीत तिच्या पानावर एवढंच लिहिलेलं होतं, "नैर्ऋत्य कोपऱ्याखाली बुजवलेली विहीर. देशमुख जागा बदलत नाहीत. काचा नऊ." गाव त्यांना मिस्त्रीच्या काचा म्हणायचं. दसऱ्याला बायका त्यांना हळदकुंकू लावायच्या आणि मुसलमान घरांतून तिथं ऊद जळायचा. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत ही सराई माझ्या टेबलावर आली. सरपंच हिंमतरावांनी ठरवलं होतं की खाली मुलींची शाळा भरवायची आणि कौलं उतरवून, स्लॅब टाकून, वर वाचनालय करायचं. नवं राज्य होतं, नव्या पंचायती होत्या, प्रत्येकाला काहीतरी उभं करायचं होतं. इमारत वरचा मजला पेलेल असा दाखला मी द्यायचा होता. आणि त्या शाळेची मास्तरीण होती मंजुळा, माझी बायको.

मंजुळेची शाळा दोन वर्षं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरत होती. एक्केचाळीस पोरी. शनिवारी तेल वाहायला माणसं आली की शाळा उठवायची. पाऊस तिरपा आला की शाळा उठवायची. कुणाचं कीर्तन असलं की उठवायची. दाखल्याबद्दल ती मला एका शब्दानं बोलली नाही, पण त्या महिन्यात ती मला एकदाच्या जागी दोनदा चहा विचारायची.

मी सराई बघायला गेलो तेव्हा पंचायतीच्या शिपायाला चावी सापडेना. मग सुगराबी खाला आल्या. मिस्त्रीच्या नातवाची विधवा, पासष्टीची बाई. मिस्त्रीची वही मला त्यांनीच दिली होती. सराईची दुसरी चावी मिस्त्रीच्या काळापासून त्यांच्या घरी होती. कमरेच्या दोरीला बांधलेली ती चावी घासून घासून चांदीसारखी झाली होती. त्यांनी कुलूप उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

मी ओळंबा सोडला, टेप लावली, आणि शेवटी काचा बघितल्या. नऊच्या नऊ शाबूत. ऐंशी वर्षांत एकही हललेली नाही! मी माझ्या वहीत लिहिलं, "काचेचा दर्जा उत्तम, पारदर्शक." असं लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं? ऐंशी वर्षांची काच हिरवट असते, तिच्यात बुडबुडे असतात. ही काच फोटोच्या फ्रेमची होती. काचेभोवतीचा चुना पांढराशुभ्र होता आणि मी बोट लावून बघितलं नाही. मला मिस्त्री एवढा आवडत होता की तो मला जे सांगेल अशी माझी खात्री होती, तेच मी ऐकलं. दाखल्यात लिहिलं, "विहिरीचा भराव पूर्ण बसलेला आहे. इमारत वरचा मजला पेलण्यास समर्थ." खाली सही केली.

एप्रिलमध्ये स्लॅब टाकून झाला. जिना आणि पाण्याची टाकी कुठं घ्यायची यावर हिंमतराव म्हणाले, "नैर्ऋत्येले घ्या साहेब. तिकडं जड असलं पायजे, शास्त्र हाये." मी म्हटलं, घ्या. माझ्याकडं नऊ काचांचा पुरावा होता.

जूनच्या शेवटी शाळा सराईत आली. मंजुळेनं पहिल्या दिवशी दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरींना नुसतं पळू दिलं. रात्री जेवताना ती मला ते सांगत होती, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तीन आठवडे असेच गेले.

एका गुरुवारी दुपारी मी पुस्तकाची पहिली पानं वाचून दाखवायला सुगराबी खालांकडं गेलो. त्या अंगणात बसल्या होत्या. समोर घमेल्यात कालवलेला चुना, शेजारी फडक्यावर काचेच्या पट्ट्या, आणि त्या एकेक पट्टी पदरानं पुसत होत्या.

"या भाऊ, बसा. हात भरेल हायेत माहे."

"हे काय करून राह्यल्या, खाला?"

"काचा पुसून राह्यली ना. धामणगावच्या फ्रेमवाल्यापासून कापून आणल्या. उद्या जुम्मा हाये."

"कोन्या काचा?"

"बडे अब्बाच्या." त्या मिस्त्रीला बडे अब्बा म्हणायच्या. "फुटक्या बदलाव्या लागतात ना."

मला आधी कळलंच नाही. मग मी एक पट्टी उचलून उजेडात धरली; तिच्यात एकही बुडबुडा नव्हता.

"तुमी बदलता?"

"मंग कोन बदलन? माह्या सासूनं शिकवलं, तिले तिच्या सासूनं. बडे अब्बा सांगून गेले, काच फुटकी दिसली नाई पायजे. दर जुम्म्याले जातो, ऊद जाळतो, फुटेल असन ते काढतो, नवी लावतो." मग मान वर करून त्या अभिमानानं म्हणाल्या, "पन्नास साल झाले भाऊ, म्या एक काच फुटकी राहू देली नाई."

मिस्त्री पाया उकरायचा, भिंत सांधायचा, आणि सगळ्यात शेवटी नवी काच बसवायचा. घरातल्या बायकांनी ते शेवटचं काम तेवढं बघितलं होतं. तो गेला, आधीची कामं त्याच्याबरोबर गेली. शेवटचं उरलं, आणि त्यांनी ते इमानानं केलं.

"किती फुटतात?" मी विचारलं.

"पह्यले दोन-तीन सालात एखादी. तुमी टेप घेऊन आल्ते ना, त्या हिवाळ्यात दोन बदलल्या होत्या. वरतं टाकी झाली तवापासून दर जुम्म्याले एक-दोन. मांगच्या जुम्म्याले पाच."

"खाला, कोणाले सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी पुढची पट्टी पुसायला घेतली. "सांगायचं काय त्याच्यात? बदलल्या ना म्या."

मी पानं तिथंच टाकून सराईकडं निघालो. पळालो नाही. ओव्हरसियर गावातून पळत गेला तर लोक मागं येतात, आणि मला त्या इमारतीजवळ गर्दी नको होती.

आत मंजुळा पाढे घेत होती. एक्केचाळीस पोरी एका सुरात म्हणत होत्या. मी कडेकडेनं कोपऱ्यात गेलो. मागच्या शुक्रवारी बसवलेल्या पाच काचांपैकी तीन तडकल्या होत्या, आणि आधीच्यांपैकी एक. एका तड्यात मी नख घातलं. नख आत गेलं. वर टाकीत कुणीतरी पाणी सोडलं होतं, ते पडल्याचा आवाज येत होता.

मी मंजुळेजवळ जाऊन हळूच म्हणालो, "पोरीले बाहेर काढ."

"काऊन?"

"काढ म्हणतो ना. सावकाश. कोपऱ्याकडून नोको."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "हे इमारत तुमी पास केली."

"हाव. म्याच केली."

तिनं टाळी वाजवली. "चला पोरीहो, आज पाढे लिंबाखाली." पोरी रांगेनं बाहेर पडल्या. शेवटची पोर पाटी विसरली म्हणून परत वळली, तेव्हा मंजुळेनं तिच्या दंडाला धरून ओढलं. तिनं कधी कुठल्या पोरीला असं ओढलेलं मी बघितलं नव्हतं.

हिंमतराव आले ते चिडूनच आले. रविवारी वरच्या वाचनालयाचं उद्घाटन होतं, पाहुणे ठरले होते. "साहेब, कागदावर तुमी लिहून देल्लं, आता तोंडानं दुसरंच सांगून राह्यले. म्या कोणाचं ऐकू?" माणूस वाईट नव्हता आणि प्रश्नही खोटा नव्हता. "काच काय, उन्हानं बी तडकते," ते म्हणाले.

शेवटी असं ठरलं की पंचांसमोर नऊ नव्या काचा बसवायच्या, कुलूप घालायचं आणि रविवारी सकाळी सगळ्यांसमोर उघडायचं. शाबूत निघाल्या तर उद्घाटन होईल आणि मी तोंड बंद ठेवीन. काचा बसवायला सुगराबी खालांना बोलावलं. त्यांच्याइतका सराव कुणाला होता? मीही त्यांच्याशेजारी, त्या कोपऱ्याखाली, जीव मुठीत धरून उभा राहिलो. त्या हात धुऊन आल्या, अंगठ्यानं चुना दाबत एकेक पट्टी बसवत गेल्या. फार खूश होत्या. "बडे अब्बाच्या कामाले इतके मानसं कधी आल्ते नाई," म्हणाल्या.

या जुम्म्याला काचांना हात लावायचा नाही, असं खालांना बजावून शुक्रवार आणि शनिवार मी गावातच राहिलो. येता-जाता सराईवरून जायचो. कुलूप दिसायचं, भिंत दिसायची, वर टाकी. सगळं जसंच्या तसं. इमारती पडायच्या आधी काही वेगळ्या दिसत नाहीत.

रविवारी सकाळी हिंमतरावांनी स्वतः कुलूप उघडलं. त्यांची आई सरस्वतीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन मागं होत्या. आम्ही कोपऱ्यापासून चार हात लांब थांबलो, आणि तेवढ्यावरूनही दिसत होतं. नऊच्या नऊ फुटल्या होत्या. दोन तर सांध्यातून निसटून खाली पडल्या होत्या. सरस्वतीबाईंनी ताट जमिनीवर ठेवून दिलं.

"पाहुण्याले मोताळ्यालेच थांबवा," हिंमतराव शिपायाला म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "पोरी आत होत्या, साहेब. माही नात बी होती."

त्यांनी कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात दिली. मी घरी येऊन कार्यकारी अभियंत्यांना पत्र लिहिलं. माझा दाखला चुकीचा आहे, इमारत ताबडतोब उतरवावी, दोष माझा. त्या सहीनंतर छाती मोकळी झाली. मला वाटलं, सुटलो. शाळा परत मारुतीच्या ओट्यावर गेली. मंजुळा माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

संध्याकाळी मी सुगराबी खालांकडं गेलो आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. काच कशासाठी, तडकली म्हणजे काय, मिस्त्री आधी काय करायचा. सांगून झाल्यावर त्यांनी चुलीतली राख सारखी केली.

"मंजे पन्नास साल ते काचा बोंबलून राह्यल्या होत्या," त्या म्हणाल्या, "अन् म्या त्याईच्या तोंडावर हात ठेवून होती."

"तसं नाई खाला. तुमाले कोणी सांगतलंच नाई."

"तसंच हाये."

"आता नवी काच बसवू नोका. फुटेल हायेत तशा राहू द्या. काढू नोका."

"हाव," त्या म्हणाल्या. त्या हावमध्ये मी माझ्या सोयीचं ऐकलं आणि घरी आलो.

सराई पुढच्याच शुक्रवारी कोसळली, दुपारच्या नमाजानंतर थोड्या वेळानं. मी मोताळ्याला कचेरीत होतो. निरोप आला तेव्हा सांगणारा एवढंच म्हणाला, "कोपरा गेला." मला आधी बरं वाटलं, हे मी लपवत नाही. माझं म्हणणं खरं ठरलं, शाळा रिकामी आहे, कुलूप आहे, चावी माझ्या खिशात आहे. मी खिसा चाचपूनही बघितला.

गावात पोचलो तर लोक चिरे उचलत होते. हिंमतराव बनियनवर, हात रक्ताळलेले. सुगराबी खालांना काढून लिंबाखाली ठेवलं होतं आणि त्यांच्यावर मंजुळेनं आपली शाल घातली होती. चुन्याचं घमेलं पालथं पडलं होतं. त्यातला चुना अजून ओला होता.

दक्षिणेकडच्या भिंतीचा एक तुकडा उभा राहिला होता, आणि त्याच्यावर नऊपैकी एक काच होती. कुणी ओढत असतानाही मी जवळ जाऊन बघितलं. फुटलेली काच खालांनी काढली नव्हती. मी सांगितलं होतं तशी जागेवर राहू दिली होती. तिच्याखाली, तितकीच सरळ, एक नवी काच बसवली होती. कारण फुटून गेलेली काच पुढचं काही सांगू शकत नाही. भिंत अजून सरकते आहे की थांबली, हे बघायचं तर नवीच लागते. हे मला, ओव्हरसियरला, सुचलं नव्हतं. मिस्त्रीच्या घरात सत्तर वर्षांनंतर त्याचं काम कुणाला तरी कळलं होतं, आणि ती बाई भिंत काय म्हणते ते ऐकायला गेली होती.

ती नवी काचही फुटलेली होती, आणि तिच्याभोवतीचा चुना वाळलेला होता, म्हणजे खाला त्या आठवड्यात आधीही येऊन गेल्या होत्या. ती तडकलेली बघून खाला बाहेर यायला वळल्या, की नीट बघायला आणखी पुढं गेल्या, ते कुणाला माहीत नाही.

मंजुळा माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात कमरेची दोरी होती, खालांची, आणि दोरीला ती चांदीसारखी झालेली चावी.

"दुसरी चावी त्याईच्यापाशी हाये," ती म्हणाली, "हे तुमाले मालूम होतं?"

"होतं," मी म्हणालो. "फेब्रुवारीत त्याईनंच मले दार उघडून देल्लं होतं."